टॅक्टिकल सुरी हाताने घडवायची आहे : पहिलं पातं तडकलं, पुढे काय?

भाता_बडोदा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये २२ वर्षं काढली. डाय, पंच, फिक्स्चर हे रोजचं काम. भाचा फौजेत आहे, सध्या लडाखला. मागच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर परदेशी कारागिरांच्या हातघडणीच्या टॅक्टिकल सुऱ्या दाखवल्या. म्हणाला, "मामा, तू मायक्रॉनमध्ये काम करतोस, मला अशी एक सुरी नाही करून देणार?" तेव्हापासून डोक्यात तेच.

भंगारवाल्याकडून ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला. चार रविवार ग्राइंडर आणि कानस चालवून ६ इंचांचं पातं काढलं. घमेल्यात कोळसा पेटवला, केस वाळवायच्या यंत्राने वारा दिला, पातं लालभडक केलं आणि बादलीतल्या पाण्यात सोडलं. टण्! आवाज केवढासा, पण छातीत लागला. पुसून ट्यूबलाइटसमोर धरलं तर धारेपासून पाठीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत केसासारखी काळी रेघ. ते पातं अजून खिडकीत आहे, टाकवत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पातं का तडकलं? आणि 'टॅक्टिकल' म्हणजे नेमकं काय? शॉपमधला एक सहकारी म्हणतो, काळा रंग मारला आणि किंमत तिप्पट केली की झाली टॅक्टिकल. मला ते पटत नाही. त्या सुऱ्यांच्या प्रत्येक वळणाला काहीतरी कारण असावं असं वाटतं. ते कारण मला हवंय.

जुनी_कानस

भाऊ, 'पोलादाला पाणी देणं', म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करणं, या शब्दाने भल्याभल्यांना फसवलंय. पाट्याच्या पोलादाला पाणी द्यायचं ते तेलात. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर ३१ वर्षं उभा होतो, म्हणून हक्काने सांगतो.

तुमच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. असं पोलाद तेलातसुद्धा पुरेसं कडक होतं. पाण्यात ते इतक्या झपाट्याने थंड होतं की बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला मागून फुगतो. त्या ओढाताणीत सगळ्यात पातळ जागा सुटते, म्हणजे धार. दुसरं, वापरलेल्या पाट्याने आयुष्यभर खड्डे खाल्लेले असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा त्यात आधीच असतात. तिसरं मी न बघता सांगतो : पातं जिथे मुठीला मिळतं तिथे तुम्ही ग्राइंडरने काटकोनी खाच घेतली असणार. रेघ तिथूनच निघालीय का बघा.

आता असं करा. स्टील मार्केटमधून नवी स्प्रिंग स्टीलची पट्टी घ्या, ईएन ४५ मागा. कोपरे गोल ठेवा. कडक करण्याआधी धार पूर्ण काढू नका, निदान १ मिलिमीटर जाड राहू द्या. आधी तीन वेळा तापवून हवेत गार होऊ द्या, म्हणजे कापताना-ठोकताना आलेला ताण निघतो. मग शेवटचं तापवणं. चुंबक चिकटेनासा झाला की ७७० अंश झाले समजा. तिथून थोडं वर जायचं, पळसाच्या फुलाचा रंग येईपर्यंत. हा रंग उन्हात दिसत नाही, संध्याकाळी आडोशाला बसा. त्याहून जास्त तापवलंत तर पोलादाचा दाणा मोठा होतो आणि पातं बिस्किटासारखं मोडतं. तेल ५०-६० अंशांना कोमट करून घ्या, थंड तेल घट्ट असतं, पात्यावरची वाफ लवकर सुटत नाही. पातं टोकाकडून सरळ आत न्यायचं, आडवं हलवायचं नाही.

बाहेर आल्यावर कानस फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली की जमलं. पण या अवस्थेत पातं हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. लगेच २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास.

तेल पेट घेतं. धातूचा डबा, त्यावर बसणारं झाकण हाताशी, उघडी जागा, आणि आसपास पाण्याची बादली नको.

भाता_बडोदा

काका, खिडकीतलं पातं आत्ता काढून बघितलं. रेघ खाचेच्या कोपऱ्यातूनच निघालीय. न बघता कसं ओळखलंत!

विळीवाली

२०० अंशांवर दोन-दोन तास म्हणजे घरातला ओटीजी चालतो का? माझ्या दिराने असाच उद्योग केला होता. पात्याला तेल राहिलं होतं, आठवडाभर नानखटाईला इंजिनचा वास.

जुनी_कानस

चालतो ताई. पातं साबणाने स्वच्छ धुऊन, कोरडं करून, वाळू भरलेल्या ट्रेमध्ये ठेवायचं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. पातं घासून चकचकीत केलेलं असेल तर रंगावरूनही कळतं. सुक्या गवतासारखा फिका पिवळा रंग चढला की २०० च्या आसपास आहात. तपकिरीकडे झुकला की पुढे गेलात.

पाते_प्रेमी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण हा माझा आवडता विषय आहे.

'टॅक्टिकल' हा शब्द सुऱ्यांना चिकटला तो १९८० च्या दशकात आणि नंतर. वस्तू त्याआधीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी जो खंजीर आखला, त्याचा पहिला माल विल्किन्सन स्वॉर्ड कंपनीने १९४१ च्या सुरुवातीला काढला. दोघंही आधी शांघायच्या पोलिसात होते. तो खंजीर एकाच कामाचा. दुधारी, निमुळता, आणि त्यामुळे टोक नाजूक. डबा उघडायला घेतला की टोक मोडायचं.

हातघडणीची परंपरा अमेरिकेत वेगळ्या वाटेने आली. मिशिगनमध्ये विल्यम स्केगल नावाचा एकटा राहणारा कारागीर होता. बो रँडलने एका माणसाला स्केगलच्या सुरीने बोटीचा रंग खरवडताना पाहिलं, आणि एवढं करूनही धार शाबूत. त्याने ती सुरी विकत घेतली आणि १९३८ च्या सुमारास फ्लोरिडात स्वतः करायला लागला. महायुद्ध सुरू झालं आणि सैनिकांची पत्रं येऊ लागली.

भाताभाऊ, पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजावर नोकरी करणारा बॉब लव्हलेस दुकानात रँडलची सुरी मागायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल म्हणाले. त्याने भंगारातल्या जुन्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग घेतली आणि जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर आपली पहिली सुरी केली. पुढे जगभरचे कारागीर ज्याची नक्कल करतात असं पातं त्याच्या हातून उतरलं. पाठ हलक्या उताराने टोकाकडे येते, टोक मधल्या रेषेच्या जवळ राहतं, त्यामुळे टोकामागे भरपूर पोलाद असतं. त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. १९७२ मध्ये त्याने १५४सीएम हे पोलाद सुरीत आणलं. ते मुळात जेट इंजिनाच्या भागांसाठी होतं.

घडीच्या सुऱ्यांचा इतिहास निराळाच. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने खिशाला अडकवायची क्लिप आणि अंगठ्याने उघडायचं भोक असलेली सुरी काढली. त्याच दशकात मायकेल वॉकरने लायनर लॉक सुधारला. आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पातं बोटांवर मिटत नाही. मग टर्झुओला, इमर्सन या कारागिरांच्या काळ्या मुठीच्या घडीच्या सुऱ्या आल्या आणि टॅक्टिकल हा शब्द रुळला. दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस रीव्हने वेगळी पट्टी न वापरता मुठीच्याच टायटॅनियमचा लॉक केला. त्या सुरीचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत अर्थ 'काम'. मला हे नाव फार आवडतं.

दांडियाबाजारकर

सुंदर माहिती. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गरजेतून आकार ही गोष्ट आपल्याकडे कैक शतकं जुनी आहे.

पेशकब्ज हा जुना खंजीर घ्या. त्याची पाठ पुढून पाहिली तर इंग्रजी टी अक्षरासारखी, वर रुंद पट्टी आणि खाली पातळ पातं. कारण? समोरच्याच्या अंगात कड्यांचं चिलखत. बारीक टोक कड्यात शिरायला हवं आणि जोर दिल्यावर वाकता कामा नये. कट्यारीचं टोक जाड असतं तेही त्याचसाठी, आणि तिची आडवी मूठ मुठीतच पकडायची, म्हणजे मनगट आणि पातं एका रेषेत. आपला बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, लहान, कपड्यात लपणारा. अफजलखानाच्या भेटीमुळे मराठी घरातल्या पोराला हे नाव पाठ असतं.

आणि आपल्या गुजरातचा भूज! हातभर दांड्यावर बसवलेलं आखूड, जड पातं. सुरीही आणि कुऱ्हाडही. पातं दांड्याला मिळतं तिथे बहुधा हत्तीचं मस्तक कोरलेलं. पोकळ दांड्याच्या टोकाची गाठ फिरवली की आतून एक बारीक कट्यारी निघते. लपवलेलं दुसरं हत्यार, एकाच वस्तूत दोन कामं. यापेक्षा टॅक्टिकल काय हवं? लक्ष्मीविलास राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायला जाल तेव्हा पात्यांवरच्या सोन्याच्या नक्षीवर थांबू नका. मुठी बघा. आजच्या मानाने केवढ्या आखूड! पहिल्यांदा पाहिल्यावर मी किती वेळ माझ्या तळव्याशी अंदाज घेत उभा होतो.

निसणा

दांडियाबाजारकर, +१. पात्यावरच्या पन्हळीबद्दलही लिहा. लोक तिला रक्त वाहून जायची नाळ म्हणतात.

दांडियाबाजारकर

ती वजन कमी करण्यासाठी असते. मधलं पोलाद काढलं तरी दोन्ही कडांमुळे ताठपणा फारसा जात नाही. लोखंडी गर्डर डोळ्यांसमोर आणा.

निवृत्त_सुभेदार

भाताभाऊ, तुमच्या भाच्यासाठी दोन शब्द. २६ वर्षं नोकरी झाली, त्यातली ४ उंचावर. या काळात सुरीने काय काय कापलं ते सांगतो : दोर, पॅकिंगचे पट्टे, कॅनव्हास, रेशनचे डबे, काड्या, साबण, एकदा तंबूत अडकलेल्या माणसाच्या बुटाच्या नाड्या. माणसावर कधी उगारली नाही आणि माझ्या ओळखीच्या कुणीही नाही. म्हणून कमांडो खंजिराचा आकार डोक्यातून काढा.

थंडीच्या गोष्टी टूलरूममध्ये बसून सुचणार नाहीत. हातात जाड मोजे असतात, त्यामुळे मूठ लांब आणि जाड हवी, बोटांच्या खाचा अजिबात नकोत. मोज्यातली बोटं त्या खाचांत बसत नाहीत. उणे २० मध्ये उघडं लोखंड हाताला चटका देतं, ओला हात तर चिकटतो. पूर्ण मुठीच्या आकाराचं पोलाद आणि दोन बाजूंना फळ्या अशी रचना तुम्ही ठरवली असेल, तर मुठीच्या कडेने सगळीकडे लोखंड उघडं राहतं. ते टाळा. हात पुढे सरकू नये म्हणून लहानसा अडसर हवा. मागे दोरीसाठी भोक हवं, बर्फात पडलेली सुरी परत मिळत नाही.

आणि स्वतःची सुरी बाळगायला त्याच्या युनिटमध्ये मुभा आहे का, हे त्याने आधी विचारून घ्यावं.

पाते_प्रेमी

सुभेदारसाहेब, मान्य, पण पूर्ण पोलादाची मूठ सगळ्यात भक्कम. शेपटी, म्हणजे पात्याचा मागचा अरुंद भाग, मुठीच्या आत घातली की तिथेच मोडण्याची भीती. बहुतेक टॅक्टिकल सुऱ्या पूर्ण पोलादाच्या असतात त्या उगीच नाही.

निवृत्त_सुभेदार

माझ्याकडची खुखरी आत शेपटी घातलेलीच आहे. तिने लाकडं फोडलीत. शेपटी रुंद ठेवा आणि खांद्याचे कोपरे गोल ठेवा, जे जुनी_कानस यांनी वर सांगितलंच आहे.

जुनी_कानस

सुभेदारसाहेबांमुळे माझंही एक उत्तर बदलतंय. थंडीत कडक पोलाद आणखी ठिसूळ होतं. भाऊ, २०० वर थांबू नका, २३० पर्यंत न्या. धार थोडी लवकर जाईल, पण ती निसण्यावर परत येते. तुटलेलं टोक परत येत नाही. बेअरिंगचं ईएन ३१ कुणी सुचवलं तर घेऊ नका, त्यात १ टक्का कार्बन असतो. धारेला उत्तम, मार खायला स्प्रिंग स्टीलच बरं.

हायलम_शीट

मुठीसाठी लोक मायकार्टा मायकार्टा म्हणून परदेशातून तुकडे मागवतात. अहो, ते आपल्या गावात किलोवर मिळतं! मायकार्टा म्हणजे कापडाचे थर फिनॉलच्या राळेत दाबून भाजलेली फळी. वेस्टिंगहाउस कंपनीने ती विजेच्या इन्सुलेशनसाठी आणली. आमच्या पॅनल-ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात हीच हायलम शीट. कागदाची नको, कापडाची मागा. कापल्यावर कडेला विणीचे धागे दिसतात. घासून पॉलिश करू नका, २२० नंबरच्या पेपरवर सोडा, ओल्या हातात घट्ट बसते. जी१० म्हणतात ती आमची ग्लास इपॉक्सी शीट. ती आणखी भक्कम, पण तिची भुकटी फुप्फुसांना वाईट. दोन्हींना मास्क लावूनच हात घाला, आणि कापताना पाण्याचा फवारा.

विळीवाली

मी वेगळं मत मांडते. आईची विळी वाडीतल्या एका लोहाराने केलेली, माझ्या जन्माआधीची. फणस, नारळ, मासे, सगळं तिच्यावर. तिला नाव नाही, शिक्का नाही. एका सुरीसाठी लोक महिन्याचा पगार घालतात हे मला कळत नाही.

भाता_बडोदा

ताई, मला वाटतं तुमची विळी आणि ती सुरी एकाच घराण्यातल्या आहेत. लोहाराने तुमच्या आईला विचारलं असणार, काय चिराल, कुठे बसाल, नारळ खवणार का. पैसे मोजायचे तर त्या विचारण्याचे. शोरूममधल्या काळ्या सुरीला ते कुणी विचारलेलं नसतं.

विळीवाली

हे मात्र खरं. आई डावखुरी. विळीची धार उलट बाजूने घासलेली आहे, हे मला इतक्या वर्षांनी आत्ता जाऊन बघितल्यावर कळलं.

कच्छ_मुक्काम

कारागीर शोधत असाल तर कच्छला चक्कर मारा. अंजारची सुडी (अडकित्ता) आणि चप्पू (चाकू) प्रसिद्ध, आणि भूजजवळ मोटा रेहा, नाना रेहा या गावांत घरोघरी सुऱ्या करतात. मी एका अंगणात अर्धा दिवस बसलो होतो. म्हातारबाबा पितळेची मूठ कानसत होते, नातू पंखा फिरवत होता. मी सुरी हातात घेतली तर बाबांनी आधी माझा पंजा उघडून पाहिला आणि दुसरी, थोडी बारीक मुठीची काढून दिली. तीच सुरी आज खिशात आहे.

वकीलकाका

खिशात म्हणालात म्हणून सांगतो. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम-शेती-उद्योगाची अवजारं वगळून. म्हणून भाताभाऊंचं पातं मापात आहे. पण गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी जाहीरनामा काढतात आणि त्या काळात सार्वजनिक जागी सुरी बाळगणं गुन्हा ठरतं. नवरात्रीत, निवडणुकीत विशेष जपा. प्रवासात म्यानासकट बांधून, सामानाच्या तळाशी.

निसणा

दमास्कस पात्याबद्दल कुणी बोलेल का? ऑनलाइन लाटांची नक्षी असलेल्या सुऱ्या फार दिसतात.

पाते_प्रेमी

ती नक्षी दोन प्रकारची पोलादं एकावर एक ठेवून, भट्टीत जोडून, घड्या घालून येते. जुनं दमास्कस म्हणून जे नावाजलं ते आपलं उक्कू, म्हणजे वुट्झ. दक्षिणेत बंद मुशीत वितळवलेलं, साधारण दीड टक्का कार्बनचं. त्याची नक्षी पोलादाच्या आतून, थंड होताना आणि घडवताना उमटते. तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. दोन्ही सुंदर, पण वस्तू वेगळ्या. चकचकीत नक्षी पाहून पाणी नीट दिलंय असं समजू नका.

भाता_बडोदा

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय.

नवी ईएन ४५ ची पट्टी, ४ मिलिमीटर जाड. पातं ५ इंच, ड्रॉप पॉइंट. शेपटी आत, १६ मिलिमीटर रुंद, खांद्याला ३ मिलिमीटरची गोलाई. पळसाच्या फुलाचा रंग संध्याकाळी साडेसातला गच्चीवर पहिल्यांदा ओळखू आला. तेलात सोडलं, टण् झालं नाही. तो शांतपणा किती वेळ ऐकत उभा होतो! कानस घसरली. पातं मधे जेमतेम पाऊण मिलिमीटर वाकलं होतं, ते पहिल्या दोन तासांनंतर गरम असतानाच लाकडी पट्ट्यांमध्ये धरून सरळ केलं. शॉपमध्ये कडकपणा मोजायच्या रॉकवेल यंत्रावर ५७ आला. सहकाऱ्याने स्वतः दोनदा तपासला.

मूठ हायलमची, १३० मिलिमीटर. वेल्डिंगचे जाड मोजे घालून लाकडी नमुने चार वेळा केले. तिसरा हातात बरा वाटला होता, पण ओल्या मोज्यात फिरत होता, म्हणून मुठीचा छेद गोलाऐवजी लंबगोल केला. आता डोळे मिटून धरली तरी धार कुठे आहे ते कळतं. पात्याला ब्लॅकोडाइझ (काळ्या ऑक्साइडचा थर) केलंय, बर्फात चकाकू नये आणि गंज लवकर धरू नये म्हणून. म्यान कायडेक्स या प्लास्टिकचं. चामडं ओल धरतं, म्हणून टाळलं.

एक अडलंय. दोरीचं भोक ६ मिलिमीटर ठेवलंय, मोज्याच्या हाताने दोरी ओवता येत नाही.

निवृत्त_सुभेदार

१० करा. कडा आतून गोल करा, नाहीतर दोरी घासून तुटेल. आणि दोरी इथूनच ओवून, गाठ मारून द्या. तिथे वर कुणी ओवत बसत नाही.

भाता_बडोदा

केलं. भाचा परवा रात्री आला. म्यानातून काढली, दोनदा हातात फिरवली, आणि न बोलता बॅगेतून त्याचे मोजे काढून घातले.